सिद्धप्पांच्या ताटातला शेपू

"आक्का, तुमच्या घरात शेपू?" गोजाबाईनं जुडी हातातच धरून ठेवली. "मालक गावाला गेल्यात व्हय?"

"घरातच हायत. दे तू."

भवानी पेठेत भाजी विकता विकता गोजाबाईचे केस पिकले होते, पण ईरम्माच्या पिशवीत तिनं आजवर शेपूची काडी घातली नव्हती. सिद्धप्पांना शेपूचा वाससुद्धा खपत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. शेजारी शेपू शिजला तर हे आपल्या घराच्या खिडक्या लावून घेत आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं खोकत.

शेपूच कशाला, दोडका नको, भोपळा नको, आमटीत कढीपत्त्याचं पान दिसलं की वाटी परत. चाळीस वर्षं ईरम्मानं ती जीभ सांभाळली. गंमत अशी, की हाच माणूस कुणाकडे जेवायला गेला की अगदी देवमाणूस. समोर येईल ते गोड मानायचं, ताटात कण टाकायचा नाही, वाढणाऱ्या बाईकडे मान वर करून बघायचंही नाही. आईनं लहानपणी लावलेलं वळण होतं ते. लोकांच्या घरचं अन्न म्हणजे प्रसाद, आणि घरच्या अन्नाचं काय ते ईरम्मानं बघून घ्यावं.

श्रावणातल्या एका सोमवारी त्यांनी दोडका बघून ताट सरकवलं आणि तिचा तोल सुटला. "लोकांकडं जेवता तसं एक दिस तरी घरात जेवून दाखवा की!" ती ओरडली. "जन्म गेला माझा तुमच्या जिभेपायी."

ते हात धुऊन झोपाळ्यावर जाऊन बसले. पण आठ-दहा दिवसांनी त्यांनी खरोखरच तसं जेवायला सुरुवात केली.

आधी तिला बरं वाटलं. दोडका खपला, भोपळा खपला. मग मात्र तिला ते खटकायला लागलं. 'ए ईरे' म्हणून हाक मारणारा माणूस तिला 'तुमी' म्हणू लागला. तहान लागली तर "जरा पाणी मिळंल का?" चहा दिला तर "अर्धाच द्या, बास." नेहमीचा झोपाळा सोडून ते दाराजवळच्या खुर्चीत अंग चोरून बसू लागले.

"मामा म्हातारपणी लई गुणाचे झाले की," सून महेश्वरी हसत म्हणाली.

ईरम्माला हसू आलं नाही. तिला वाटलं, हे सगळं कशापायी चाललंय ते आपल्याला कळतंय. आपण रागाच्या भरात एक वाक्य बोलून गेलो आणि हे आता रोज दोन्ही वेळच्या जेवणाला त्याचा सूड उगवतायत.

तिनं माफीही मागून पाहिली. देवापुढे कान धरले, मग त्यांच्यापुढे येऊन धरले. ते अवघडून उभेच राहिले. "असू द्या, असू द्या," म्हणाले. ईरम्मा मोरीत गेली, नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून रडली. इतकं परकं तिला लग्नाच्या पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

शेवटी तिला शेपू सुचला. नाटक कितीही पक्कं असलं तरी शेपूपुढे टिकायचं नाही. ते ताट भिरकावतील, तिच्या माहेराचा उद्धार करतील, मग तीही पदर खोचून भांडेल, आणि दोघं पुन्हा पहिल्यासारखे नवरा-बायको होतील. एवढंच तिला हवं होतं.

महेश्वरीला तिनं कसल्याशा निमित्तानं दूर सात रस्त्याच्या चौकात पाठवलं. मग मूगडाळ घालून, लसणाची फोडणी देऊन भाजी केली आणि वास जाऊ नये म्हणून खिडकीही लावून घेतली. कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि मधोमध शेपूचा ढीग, असं ताट तिनं त्यांच्यासमोर ठेवलं.

सिद्धप्पांच्या नाकपुड्या फुलल्या. कपाळावर आठी चढली. ईरम्मानं पदर खोचला.

त्यांनी डोळे मिटून हात जोडले आणि घास घेतला.

घास घशात अडकला. डोळ्यांत पाणी आलं. पाण्याच्या घोटाबरोबर त्यांनी तो खाली ढकलला आणि दुसरा घेतला.

"कशी झालीय?" तिनं विचारलं.

"चांगली झालीय की."

"शेपू हाय त्यो."

"व्हय. वळखला मी." ते कसनुसं हसले आणि त्यांनी तिसरा घास तोंडात घातला.

आता मात्र तिच्यानं राहवेना. तिनं ताटाला हात घातला. "नका खाऊ! ताट फेका, शिव्या द्या मला, पर असं नका वागू. चाळीस वर्षांत एक डाव तोंड सुटलं माझं. किती दिस झुरवताय मला?"

त्यांनी ताट सोडलं नाही. भाजीची शेवटची काडीसुद्धा बोटांनी निपटून खाल्ली. मग तिचं रडणं बघून ते फार वरमले. मान खाली घालूनच उठले आणि हात जोडून उभे राहिले.

"रडू नका, बाई," ते म्हणाले. "लई केलंत माझं, पर आता निघू द्या मला. आमची ईरम्मा उपाशी बसली असंल, मी घरी गेल्याबिगर ती घास घेत न्हाय."