पाटावरची चढउतार

“अजून थोडा वाकवा. दुखलं तर सांगा,” उत्कर्षा म्हणाली.

विजयमालाबाईंनी ओठ चावून गुडघा वाकवला. दिवाळीत त्या गच्चीच्या जिन्यावरनं पडल्या, गुडघ्याची वाटी फुटली, ऑपरेशन झालं. तेव्हापासून फिजिओथेरपिस्ट उत्कर्षा एक दिवसाआड जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घरी व्यायाम घ्यायला यायची. नवरा, अण्णाराव, दारातच उभा. त्याचा रोजचा एकच प्रश्न.

“जिना कधी चढंल ही?”

केवढी काळजी माणसाला, असं उत्कर्षाला आधी वाटायचं.

“पडली तितंच नेतो हिला एकदा,” तो हसला. “भीती मोडाय पायजे की.”

तेवढ्यात नळाला पाणी आलं. पाच दिवसांनी येणारं पाणी ते! तो टाकी बघायला गच्चीवर पळाला. टाकी भरेपर्यंत तिथं कठड्यावर बसून राहायची त्याची सवयच होती.

पावलं वर गेल्यावर बाई हळूच बोलल्या. “मी घसरले न्हाय, ताई. ढकललं मला.”

उत्कर्षा उठलीच. “पोलिसांत जाऊ या. मी येते बरोबर.”

“कोण इस्वास ठेवतंय? तुमी फकस्त जिना जमणार न्हाय म्हणून सांगा त्यास्नी. फायलीत बी तसंच लिवा. सांगा की ताई.”

एका खोट्यानं बाईचा जीव वाचत असेल तर वाचू दे, असं उत्कर्षानं ठरवलं. ‘जिना चढणे: अशक्य’ असं फायलीत लिहून खाली सही ठोकली. अण्णाराव खाली आल्यावर त्यालाही तसंच सांगितलं. ते ऐकून त्याचं तोंड एवढंसं झालं, तेव्हा तिला मनातून बरंच वाटलं.

इकडे दार लोटून व्यायाम मात्र वाढवला. पाटावर चढायचं, उतरायचं.

“आपटू नका पाय. अलगद टेकवा. आवाज आला नाही पाहिजे.”

“एकवीसदा करू?”

“दहा पुरे की!”

“एकवीसच करते.”

दोन महिन्यांनी उत्कर्षानं टेपनं मांडी मोजली. वाळून गेलेली मांडी दुसऱ्या पायाएवढी भरली होती. “लई भारी, बाई!” ती मनापासून खूश झाली.

पुढच्या पाण्याच्या दिवशी ती आली तर दारात ही गर्दी. अण्णाराव गच्चीवरनं खाली पडला होता, जागीच गेला. आत विजयमालाबाई पलंगावर, गुडघ्याखाली उशी, हाताशी काठी. हवालदार फाईल चाळत होते.

“एकवीस पायऱ्या हायत वर जायला, मॅडम. घरात दुसरं कोण नव्हतं. ही सही तुमचीच ना? बाईंना जिना चढता येतो का?”

उत्कर्षानं सहीवरनं नजर उचलली. पाट भिंतीला टेकवून ठेवला होता.

“सांगा की ताई,” विजयमालाबाई म्हणाल्या.