मधोमध भांग

बालकल्याण समितीसमोर पाचूबंदरची कोळीण लेकीला परत मागायला उभी राहिली आणि बालगृहातल्या मॅग्डलीनमावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवरा वारल्यावर पोर टाकून गेली ही. रिचेलच्या उवा काढल्या मावशीने, तापात उशाशी बसली मावशी, आणि आज आई म्हणून मिरवणार ही! "माझीच पोर, तिला काय इचारता?" कोळीण म्हणाली. "पोरीलाच विचारा!" मावशी कडाडली. मुलांचं म्हणणं ऐकाच, हा तिचा नेहमीचाच हट्ट. आज उत्तराचीही खात्री होती. बुजरी रिचेल नेहमीसारखी मावशीच्याच कानाशी लागली. बाकी कुणाला अक्षरही ऐकू आलं नाही. "काय म्हणते?" समितीच्या बाईंनी विचारलं. मावशीने झग्याच्या खिशातली फणी आवळली. दाते तळव्यात रुतले. "आईकडे जायचं म्हणते." मग फणी कोळणीच्या हातात कोंबत ती फणकारली, "भांग मधोमधच पाड. वाकडा तिला चालत नाही."