शनिवारची कणीक

"खोटं आहे हे सगळं!" गुणाजीने वही डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आपटली. "मनात काय आलं ते लिहा, मग कशावरून ते लिहा! कशावरून काय, कशावरून? मला माहीत आहे ना! सगळे गाववाले थुंकतात माझ्यावर."

डॉक्टर मृणालिनी वयाने त्याच्या धाकट्या बहिणीएवढी असेल. पण घाबरली नाही.

"किती जण थुंकले?"

"थुंकले म्हणजे... थुंकतील."

"मग त्यांच्यात जाऊन बघा. काय होणार ते आधी लिहून ठेवा, काय झालं ते नंतर लिहा. तुमचं खरं निघालं तर मी पुन्हा कशावरून विचारणार नाही."

गुणाजी तणतणत उठला. बाहेर बाकावर त्याची बायको मालन बसली होती. गेल्या महिन्यात त्याने तिला विचारलं होतं, मी नसलो तर तुझं काही अडेल का? तिने तसंच हाताला धरून त्याला या इस्पितळात, मनाच्या डॉक्टरकडे आणलं होतं.

झालं होतं ते असं. चार वर्षांपूर्वी गिरणीच्या संपाला सातवा महिना लागला तेव्हा गुणाजी गुपचूप कामावर गेला. पोरगी आजारी होती, पण ते सांगायला तोंड कुणाला दाखवायचं? घाटकोपरच्या डोंगरावर त्याचं घर वर आणि गाववाल्यांच्या मंडळाची, भजनाची खोली खाली. तर हा शहाणा खोली टाळायला रोज मागच्या नाल्यावरून वळसा घालून जायचा. चार वर्षं! झोप गेली, जेवण गेलं, छातीत धडधड सुरू झाली. आता काय म्हणावं या माणसाला!

पूर्वी शनिवारच्या भजनात पखवाज त्याचा असायचा. मालन घरून कणकेचा गोळा मळून द्यायची, तो पखवाजाच्या डाव्या तोंडाला थापायचा. ओल्या कणकेशिवाय पखवाज घुमत नाही. भजन संपलं की ती कणीक खरवडून काढावी लागायची. मालनने गोळा मळणं कधीच सोडलं होतं.

शनिवारी संध्याकाळी त्याने वहीत लिहिलं, 'लहू मला गद्दार म्हणणार.' वही खिशात कोंबली आणि तो डोंगर उतरला. त्या डॉक्टर पोरीला एकदा दाखवतोच, म्हणाला.

खोलीत दहा-बारा जण टाळ घेऊन बसले होते. तो दारात दिसताच सगळ्यांनी टाळ खाली ठेवले. लहू तेवढा उठला. एकाच वाडीत दोघांचं बालपण गेलेलं, गिरणीत पाळीसुद्धा एकच. संपात लहूची नोकरी गेली ती गेलीच. आता मुलुंडच्या गोदामात पोती उचलतो.

"इलंस?" लहू म्हणाला. "गद्दार!"

कुणी मध्ये पडलं नाही.

"पोटाला चिमटा काढून आम्ही गेटवर उभे, आणि तू मान खाली घालून आत! मला एक शब्द तरी सांगितलास? विसरलो नाय मी. विसरणार पण नाय."

गुणाजीला आतून विचित्र आनंद झाला. घ्या! निघालं ना खरं! त्याने तिथेच वही काढली, पेन्सिल काढली, आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'गद्दार म्हणाला.' आता त्या बाईने विचारावंच कशावरून! तो वळला आणि पायाने चप्पल चाचपू लागला.

तेवढ्यात त्याची नजर कोपऱ्यात गेली. चटईवर पखवाज होता. समोरची जागा रिकामी होती. डाव्या तोंडावर ओली, पांढरी, आत्ता लावलेली कणीक होती.

"आता कोण वाजवतो?" त्याने विचारलं.

"कोण वाजवणार? टाळावर भागवतो," कोणीतरी म्हणालं.

"मग कणीक कोणी लावली?"

सगळे लहूकडे बघायला लागले. लहूच्या नखांत कणीक होती. त्याने हात मागे घेतला आणि तो खवळलाच.

"मी लावली! दर शनिवारी लावतो, दर शनिवारी खरवडतो. राग आहे म्हणून काय तुझी जागा दुसऱ्याला देऊ? खाली बस मेल्या, सुकतेय ती!"