औषध घेतलं

“मावशी, गोरखकाका फोन उचलत नाहीत. सकाळी त्यांनी औषध घेतलंय म्हणे, पण...”

पुढचं चंद्राबाईनं ऐकलंच नाही. मोबाईल कुरडयांच्या चिकात पडला आणि ती अनवाणीच रस्त्याला लागली.

फोनवर वैदेहीताई होत्या, पानशेतच्या बंगल्याच्या मालकीणबाई. त्यांच्या पुण्यात माणूस खोकला झाला की औषध घेतो. इथे खोऱ्यात गड्यानं औषध घेतलं, की त्याचा अर्थ एकच. मग टेम्पोसाठी पळापळ होते, आणि टेम्पो बहुधा उशिराच मिळतो.

गेल्या वर्षी चंद्राबाई-गोरखचा मुलगा कुमार धरणात बुडाला. तेव्हापासून गोरखच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. भातावर फवारायच्या औषधाची बाटली चंद्राबाईनं गुपचूप शेजारच्या रखमाजीकडे नेऊन ठेवली होती. बंगल्यावरचं माळीकामही तिनंच मिळवलं, नवरा जरा हिरव्यात रमेल म्हणून. वाट्याला काय आलं, तर खडकावरचा उघडाबोडका तुकडा. सावलीचं नाव नाही. मोगरा जळला, गुलाब जळले. मग ताईंनी उन्हाला दाद न देणारी झाडं पाठवली. जास्वंद, सदाफुली आणि आठवड्यापूर्वी जमिनीलगत पसरणारी, ऑफिस टाइम नावाची फुलझाडं. काल जास्वंदीवरही पांढरी कीड पडली.

“पोरगं गेलं, आता झाडंबी टिकंनात,” गोरख जेवताना म्हणाला होता. ताटात भाकरी तशीच राहिली होती.

डांबर पायांना चटके देत होतं, पण तिला त्याचं भान नव्हतं. नवस बोलायचंही सुचेना. ती देवाला सरळ शिव्या घालत होती. एक नेलास, आता याला हात लावशील तर बघ.

फाटक उघडंच होतं. गोरख भर उन्हात पालथा पडला होता. शेजारी बाटली, रिकामी. तिनं त्याला खांद्याला धरून उताणा केला. सदऱ्याला औषधाचा उग्र वास.

“अगं, फुलं तुडवशील,” गोरख म्हणाला.

तो उठून बसला. रडावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा, तिला कळेना. तिनं दोन्ही केलं.

त्याच्या शेजारी ऑफिस टाइम फुलली होती. लाल, पिवळी, राणी रंगाची. गोरख फुलांकडे बघत बोलू लागला. वर्षभरात इतकं बोलला नव्हता.

“सकाळी आलो तवा नुसत्या मिटल्याल्या कळ्या. म्हटलं, हीबी जळणार. हितंच बसून ऱ्हायलो. ऊन चढाय लागलं तशी एकेक उघडाय लागली. जेवढं ऊन, तेवढी फुलं. मग उठलो आन् समदं औषध जास्वंदीवर मारलं. फुलं बघत हितंच आडवा झालो, फोनबी उचलू वाटंना.”

“आन् मला बाई भलतंच वाटलं!” पदरानं डोळे पुसता पुसता चंद्राबाई हसली. “ताईंनी झाडासाठी मागवल्यालं व्हय ते!”

गोरखनं मान खाली घातली.

“ताईंनी झाडासाठीच सांगितलं व्हतं,” तो म्हणाला. “म्या आणलं तवा झाडासाठी न्हवतं.”