ही गाडी धुऊ नये

"ते फडकं आधी खाली ठेवा!"

शोरूमच्या मागच्या आवारात गाड्या धुणारे मामा जागच्या जागी थिजले. त्यांच्या हातातल्या त्या एकाच फडक्याने सकाळपासून चार गाड्या आणि वॉचमनची सायकल पुसून झाली होती. आरडाओरडा ऐकून सेल्समन धावत बाहेर आला. मामा आणि कोरी काळी गाडी यांच्यामध्ये एक गृहस्थ उभे होते. हातात रबरी मोजे, पायाशी दोन बादल्या.

"काचेवर एवढा मोठा कागद आहे," गृहस्थ म्हणाले. "'ही गाडी धुऊ नये. ग्राहक स्वतः येऊन धुतील. डिलिव्हरी सकाळी अकरा.' इथे कोणाला वाचता येतं की नाही?"

"मी नुसती धूळ झटकत होतो, साहेब," मामा पुटपुटले.

"धूळ म्हणजे वाळू, मामा. कोरड्या फडक्याने ती फिरवली की रंगावर बारीक ओरखड्यांचं जाळं होतं. सावलीत दिसत नाही, उन्हात सगळं दिसतं."

हे जाळं सेल्समनला चांगलंच माहीत होतं. मागच्याच महिन्यात एका ग्राहकाने टॉर्च आणून, सगळ्या शोरूमसमोर, नव्या गाडीच्या बॉनेटवर ते दाखवलं होतं. मॅनेजर त्या दिवशी एवढंच म्हणाला होता, "आणखी एक तक्रार, की तू घरी." आणि घरी बायकोचे दिवस भरत आले होते. अशा वेळी नोकरी गेली तर तिला काय सांगायचं, या विचाराने त्याची झोप उडाली होती.

त्यात हे ग्राहक. पंधरा दिवसांत एकोणीस ईमेल. फोनवर बोलणं मान्य नाही, सगळं लेखी हवं, आणि खाली सहीला नुसतं आडनाव. धुऊ नका, पुसू नका, प्लास्टिक काढू नका, झाडाखाली लावू नका. तो कागद सेल्समननेच काल संध्याकाळी काचेवर चिकटवला होता. ईमेल वाचून त्याने मनात जसा माणूस धरला होता, अगदी तसाच हा निघाला, कपाळावरच्या आठीसकट.

"साहेब, तुम्ही अकराला येणार होतात ना? आता कुठे दहा वाजतायत."

"म्हणजे अकरापर्यंत तुम्ही धुऊन मोकळे! मी काय ओळखत नाही तुम्हा लोकांना?"

मामांचं फडकं अजून हातातच होतं.

"किल्ली द्या. काचा नीट बंद आहेत का बघतो. आणि तुम्ही जवळ येणार असाल तर आधी तो पट्टा काढा. बकल घासलं तर?"

सेल्समनने किल्ली दिली, पट्टाही काढला. पँट जरा सैलच होती. त्यामुळे पुढचा सगळा वेळ त्याचा एक हात कमरेला राहिला.

गृहस्थांनी गाडी धुतली ती मात्र बघण्यासारखी. एका बादलीत साबण, दुसरीत साधं पाणी. आधी छप्पर, मग काचा, चाकं सर्वांत शेवटी. दर वेळी हात फिरवला की स्पंज साध्या पाण्यात खंगाळायचा. मामा तोंडात बोट घालून बघत राहिले. वरच्या मजल्यावरच्या काचेशी मॅनेजर येऊन उभा राहिला, तेव्हा सेल्समन कसंनुसं हसला.

"आता पुसायची ना, साहेब? नवं कापड आणतो."

"कापड?" गृहस्थांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागेच सरला. "वाऱ्याने वाळवायची. एक चक्कर मारली की थेंब आपोआप उडून जातात."

"पण ओळखपत्र, सह्या... अजून सगळंच राहिलंय."

"उन्हात थेंब वाळले तर पांढरे डाग पडतील. मग मी सही करीन ती तक्रारीच्या कागदावर. चालेल?"

सेल्समनने वरच्या काचेकडे पाहिलं. मॅनेजर अजून तिथेच होता.

"या बादल्यांपाशी उभे राहा," गाडीत बसता बसता गृहस्थ म्हणाले. "हलवू नका, वाळू तळाशी बसू दे. आल्यावर दाखवतो, तुमचे मामा रोज काय फिरवतात गाड्यांवर ते."

फाटकाशी वॉचमनने गेटपास मागितला. छपरावरचं पाणी सुकत चाललेलं सेल्समनला लांबूनही दिसत होतं.

"अरे सोड, सोड!" तो ओरडला. "साहेबांचीच गाडी आहे!"

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली आणि मग कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. बादल्यांची राखण करता करता त्याने बायकोला फोन केला. "निभावलं गं. फार कडक माणूस आहे, पण तक्रार काही करायचा नाही." मॅनेजर स्वतः खाली आला, त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "हे असं जपायचं असतं ग्राहकाला. शिका, मामा, काहीतरी!"

बरोबर अकरा वाजता फाटकाशी टॅक्सी थांबली. पांढऱ्या केसांच्या एक आजीबाई उतरल्या. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, दोन्ही हातांत एकेक बादली. त्या तडक आवारात आल्या.

"काळी गाडी न्यायला आलेय. ते एकोणीस ईमेल माझेच," त्या म्हणाल्या. "आधी एवढंच सांगा. माझ्या गाडीला तुमच्यापैकी कोणी हात तर नाही ना लावला?"

सेल्समनने मॅनेजरकडे पाहिलं, मग मोकळ्या फाटकाकडे.

"नाही, आजी," तो म्हणाला. "आमच्यापैकी कोणीच नाही."