लवंग

बालकल्याण समितीच्या खोलीबाहेर बसल्या बसल्या सुलभाच्या तोंडाला कोरड पडली. तिने पदराच्या गाठीतली लवंग काढून दाढेखाली धरली. दारू सोडून वर्ष होत आलं होतं, लवंगेची सवय मात्र सुटली नव्हती. समितीला पटलं तर बालगृहात ठेवलेली लेक जुई आज घरी येणार होती, नाहीतर कायमची दत्तक जाणार होती.

आत बोलावल्यावर बालगृहाच्या ताईंनी जुईला पुढे केलं. "आई आलीय बघ."

सहा वर्षांची पोर हसत धावली, गळ्यात पडली आणि तशीच थिजली. मग हळूच हात सोडवून ती ताईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

"काय झालं गं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"लवंग खाल्लीय," जुई पुटपुटली. "आता मारेल."

दारूचा वास लपवायला सुलभा तेव्हा लवंग चघळायची. शेजाऱ्यांना वास यायचा नाही, पण जुईला त्यावरूनच कळायचं.

"मी प्यायले नाही, बाई. लवंग दाढेखाली नुसती धरली होती."

"मग रक्त तपासू. रिपोर्ट चांगला आला, तर मुलगी तुमच्याच ताब्यात."

सुलभाला हायसं वाटलं. रक्तात काही निघणार नव्हतं. लेकीला जवळ घ्यायला ती उठली.

जुईने दोन्ही हात डोक्यावर धरले.

सुलभा पुन्हा खाली बसली. "तपासणी राहू द्या, बाई," ती म्हणाली. "चांगल्या घरी द्या तिला."