अकरा सिलिंडर

"टेम्पो कुठं मेला?" मॅनेजर प्रज्योत तिसऱ्यांदा नवजात बाळांच्या खोलीत डोकावला. "तपासणीचे साहेब बोर्लीवरून निघालेत. दहा मिनिटांत इथं टपकतील."

"मला काय विचारता? मी नर्स आहे," अतिया म्हणाली आणि तीन नंबरच्या वॉर्मरवरच्या बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

भिंतीवर ओळीनं अकरा हुक होते. रिकामे.

दिवेआगरच्या या खासगी हॉस्पिटलात आग विझवायचे लाल सिलिंडर कधी राहायला आलेच नव्हते. ते पाहुणे म्हणून यायचे. सकाळी श्रीवर्धनकडच्या एका हॉस्पिटलात तपासणी असली की ते तिथल्या भिंतीवर. तपासणीचे साहेब जेवायला बसले की वासिफ टेम्पोवाला ते भराभर उतरवून इकडे आणायचा, मागच्या सुपारीच्या वाडीतून, ताडपत्रीखाली. साहेबांची पाठ फिरली की पुढचं गाव. अकरा सिलिंडर, तीन हॉस्पिटलं. प्रमाणपत्रं मात्र तिन्हीकडे काचेच्या फ्रेममध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी.

आणि खोलीत पाच बाळं. त्यांना ऊब देणारे पाच वॉर्मर, एकच एक्स्टेंशन बोर्ड. घरात मिक्सर लावतात तसला. गेल्या महिन्यात त्यातून धूर आला. प्रज्योतनं इलेक्ट्रिशियन बोलावला. त्यानं काय केलं? काळा पडलेला बोर्ड पांढरा रंगवला आणि गेला. त्या दिवशी अतियानं किनाऱ्यावरून वाळू आणून दोन बादल्या दाराशी ठेवल्या. हॉस्पिटलची आगीची सगळी व्यवस्था तेवढीच.

या खेपेला साहेबांना रिकामे हुक दिसलेच पाहिजेत, असं तिनं ठरवलं होतं.

मागची वाडी ठमाबाईची. तीन नंबरवरची मुलगी ठमाबाईची नात, सातव्या महिन्यात जन्मलेली, सव्वा किलोची. सकाळी अतियानं ठमाबाईला आत घेतलं आणि म्हणाली, "काकी, त्या बोर्डाला हात लावा."

"आई गं! हा तर तव्यागत तापलाय. पोरी, हिला दुसरीकडं नेऊ का?"

"अलिबाग तीन तास. वाटेत नाही टिकायची."

"मंग?"

"साहेबांनी खरं बघितलं तर आजच्या आज वायरिंग बदलावं लागेल यांना. पण टेम्पो आधी पोचला तर काही बघणार नाहीत. तो तुमच्याच वाडीतून येतो, काकी."

ठमाबाईनं नातीकडे बघितलं. "येऊ दे त्याला. बघते मी."

आता मागून हॉर्न वाजू लागला. थांबेचना. त्यावर ठमाबाईचा आवाज चढला.

"न्हाय म्हंजे न्हाय! वाडी माझी, वाट माझी, पोफळ आडवी घातली ती पण माझी!"

"अहो मावशी, हॉस्पिटलचं सामान हाय!"

"सामान हाय, तर लुगड्याखाली लपवल्यागत कशाला आणतोस, मेल्या?"

प्रज्योत मागच्या दारानं धावत सुटला. अतिया हलली नाही. तिचा एक कान हॉर्नकडे, एक रस्त्याकडे. सुपारीचं आडवं खोड चार माणसं उचलू शकतात. चार माणसं गोळा व्हायला किती वेळ लागतो?

पुढच्या अंगणात जीप थांबली.

साहेबांचं नाव किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत. कुणाचा चहा घेत नाहीत, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची आणतात. मागच्याच महिन्यात एका दवाखान्याला कुलूप ठोकलं होतं त्यांनी. ते सरळ बाळांच्या खोलीत आले, वाकले आणि बोर्डाला हात लावला. झटकन मागे घेतला. मग नखानं रंग खरवडला. खाली काळं.

"हे कुणी केलं?"

"इलेक्ट्रिशियननं."

"एक ठिणगी, सिस्टर. पाचही जातील."

दोन वर्षांत हे पहिल्यांदाच तिच्याशिवाय दुसरं कुणी मोठ्यानं बोललं होतं.

"सिलिंडर कुठं आहेत?"

"इथं नसतातच, साहेब. तिन्ही हॉस्पिटलांत तेच फिरतात. आत्ता मागच्या वाडीत टेम्पोत अडकलेत. मीच अडकवलेत."

साहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. "हे लेखी द्याल? सहीनिशी?"

"नोकरी जाईल माझी."

"जाईल," साहेब म्हणाले. खोटा धीर दिला नाही.

तिचा नवरा यूनुस आखातात, दोह्याला होता. चार महिन्यांपासून त्याची कंपनी बंद. घरात दोन मुली, सासू आणि ही एक नोकरी. अतियानं तीन नंबरकडे बघितलं. मुलीची मूठ उघडत होती, मिटत होती. तिनं केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. धूर, रंग, वायर, टेम्पो, कुठून कुठं जातो, सगळं. खाली पूर्ण नाव घातलं, सही केली, तारीख टाकली. अक्षर तिनं स्वच्छ ठेवलं.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. घडी घातली. शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरचं बटण लावलं.

मागे हॉर्न थांबला होता. ठमाबाई अजून हटली नव्हती.

साहेब भिंतीसमोर उभे राहिले. एकेक हुक बोटानं मोजला आणि मोबाईल काढला. फोटो नीट यावा म्हणून अतिया बाजूला सरकली.

साहेबांनी मोबाईल कानाला लावला.

"वासिफ, किती उशीर? टांगल्याशिवाय मी फोटो कशाचे काढू? वाडीत राहू दे त्या म्हातारीला. गाडी वळव आणि पुढच्या दारानं आण. मी आहे ना इथं."